जावयाच्या पाठीमागचे पक्षी

समुद्रावरचे रानपक्षी बघायला कुठे जावं, हा प्रश्न मी आमच्या जिन्यात उभ्या उभ्या एका माणसाला विचारला. त्या क्षणी माझ्या पायांत चपला होत्या, हातात दुधाची पिशवी होती आणि गाठीला बऱ्यापैकी अब्रू होती. उन्हाळा संपला तेव्हा यांपैकी फक्त एक चप्पल शिल्लक होती.

प्रश्न माझा नव्हता. सासऱ्यांचा होता.

माझे सासरे म्हणजे अप्पा. आयुष्यभर त्यांनी रफू केलं. कसरीनं खाल्लेली शाल, विडीच्या ठिणगीनं भोक पडलेला कोट, असलं काही त्यांच्या मांडीवर येऊन पडायचं आणि बरं होऊन जायचं. त्याच कापडाच्या कडेचा धागा काढायचा, त्यानंच भोक विणत आणायचं, आणि शेवटी मालकालाही बोटानं शोधावं लागेल, भोक होतं कुठे! सासूबाई होत्या तेव्हा अप्पांच्या सुईच्या तालावर दोन ओळी गुणगुणायच्या. त्या माझ्या बायकोला अजून येतात:

धाग्यात मिळे धागा, कुठे सरला कळू नये
फाटले होते कधी, ते वस्त्रालाही स्मरू नये

तर हे अप्पा आता आमच्याकडे राहतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून आम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मधलं दिसणं जात चाललंय. कडेकडेचं राहील. गेलेलं काही परत येत नाही. यांना काही बघायची इच्छा असेल तर या उन्हाळ्यातच दाखवून आणा." पाणी जाणार आहे, बादल्या भरून ठेवा, असं सांगावं तशा सुरात सांगितलं. डॉक्टरांचाही इलाज नसतो. रोज किती जणांसाठी गळा दाटून घेणार?

घरी येऊन बायकोनं अप्पांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघावंसं वाटतं?"

तिला वाटलं, जुनं दुकान म्हणतील, नाहीतर धाकट्या काकांची नातवंडं. अप्पांनी बराच वेळ गुडघ्यावरची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, "जन्मभर वीतभर अंतरावरचं बघितलं. आता जरा लांबचं दाखवा. ते समुद्रावर पक्षी असतात ना? ज्यांना कोणी पाळत नाही, कोणी दाणे टाकत नाही. आपले आपले असतात. ते."

हे त्यांनी मला उद्देशून सांगितलं, पण तोंड खिडकीकडे करून. इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. गेले काही महिने मी बोलायला लागलो की अप्पा तोंड फिरवत. मी "चहा घेता का?" म्हणायचो, ते कॅलेंडरकडे बघून "घेऊ की" म्हणायचे. मी भूगोलाचा शिक्षक आहे. वर्गातली मुलं माझ्याकडे बघत नाहीत याची मला सवय आहे. पण जावई हा प्राणी वेगळा. तो एकदा खट्टू झाला की सहजी खुलत नाही.

"तुझे वडील माझं तोंड बघायला तयार नाहीत," मी बायकोला म्हणालो.

"अहो, काहीतरीच काय! ते कधी कुणाबद्दल वाकडं बोलतात का?"

"बोलत नाहीत. बघतही नाहीत."

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. यांना पक्षी मीच दाखवणार. असे दाखवणार की पक्षी बघून झाल्यावर एकदा तरी माझ्याकडे बघावं लागेल.

म्हणून मी जिन्यात कॅप्टनना थांबवलं. कॅप्टन तळमजल्यावर राहतात. जहाजाच्या कंपनीत त्यांची सगळी हयात गेली. मात्र कंपनीची कचेरी शहराच्या मधोमध होती आणि कॅप्टन तिथे जावक विभागात होते. पण टोपी पांढरी घालतात, आणि जिना उतरताना कठडा असा धरतात की इमारत डोलत असावी.

"समुद्रपक्षी?" कॅप्टन म्हणाले. "त्यात काय मास्तर! मासळी उतरते त्या धक्क्यावर चला. मी आहे ना बरोबर!"

"मी आहे ना बरोबर" या वाक्यानं मोठमोठ्या मोहिमा बुडाल्या असतील. वरच्या मजल्यावरच्या वहिनी तेवढ्यात कठड्यावरून वाकल्या. त्या जिन्यातलं सगळं ऐकतात. तो त्यांचा रेडिओच आहे. "धक्क्यावर कशाला? गावाबाहेर कचरा टाकतात ना, तिथे ढीगभर असतात! आणि अप्पांना टोपी घाला. आणि आल्याचा तुकडा तोंडात. मीच येते, तुम्हाला नाही जमायचं."

अशी आमची मंडळी जमली. अप्पांसाठी केलेला बेत, आणि अप्पा सोडून सगळे त्यावर बोलत होते.

धक्क्यावर पक्षी होते, नाही असं नाही. गलेलठ्ठ, पांढरे, पिवळ्या चोचीचे. मासळीच्या क्रेटांवर, स्कूटरच्या सीटवर, बर्फाच्या गाडीवर बसलेले. आम्ही अप्पांना मान देऊन मधोमध खुर्चीवर बसवलं. कॅप्टननी हात लांब करून दाखवलं, "हे पाहा, समोर!"

अप्पा मान वाकडी करून भलतीकडेच बघत बसले. मग म्हणाले, "हे रांगेत का उभे आहेत?"

"मासळी मिळते ना, म्हणून."

"मग हे पाळलेलेच. फक्त मालकाला ठाऊक नाही."

यावर कोणी काही बोलायच्या आत एका पक्ष्यानं माझ्या हातातला ऑम्लेट-पाव उचलला. हिसकावला असं म्हणणार नाही. हिसकावताना निदान घाई असते. यानं आपलंच राहिलेलं न्यावं तसा नेला. धक्क्यावरची माणसं हसली. अप्पाही हसले, पण मीठ-मिरपुडीच्या पुडीकडे बघून.

कचऱ्याच्या ढिगाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण वहिनींशी अजून रोज जिन्यात गाठ पडते. पक्षी ढीगभर होते. ढीगही ढीगभर होता. अप्पा नाकाला रुमाल लावून एवढंच म्हणाले, "बिचारे. फार लांबून आलेले दिसतात." परतीच्या वाटेवर त्यांनी बसच्या दांड्याला धरायला हात पुढे केला आणि दांडा हाताशेजारून निघून गेला. बायकोनं त्यांना सावरलं. वहिनींची सूचनांची फैर थोडा वेळ थांबली. उन्हाळा आमच्यासाठी थांबणार नव्हता, हे तेव्हा सगळ्यांनाच एकदम कळलं.

खरी जागा सापडली ती माझ्याच शाळेच्या नकाशात. किनाऱ्यापासून थोडा आत एक खडक आहे. माणसं तिथे राहत नाहीत. उन्हाळ्यात समुद्रपक्षी तिथे घरटी करतात. खडकावर उतरायला मनाई, पण नावेतून भोवती फिरता येतं; त्याला मात्र परवानगी लागते. आणि परवानगी म्हटलं की कचेरी आलीच.

वनखात्यातले साहेब म्हणाले, "पक्षी खडकावर बसलेला असेल तर आमचा. तुम्हाला बसलेले बघायचेत की उडणारे?"

"जसे असतील तसे."

"तसं चालत नाही. उडणारे असतील तर बंदर कचेरीत जा."

बंदर कचेरीतले म्हणाले, "पाण्याखालचं आणि पाण्यावरचं आमचं. हवेतलं नाही. नाव आमची, पण नावेतला माणूस वर बघणार असेल तर वनखातं."

"आणि माणूस समोर बघणार असेल तर?"

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही शिक्षक का हो?"

दोन्ही कचेऱ्यांच्या मधे एक अंगण होतं. त्यात एक बाक होता, आणि त्या बाकावर माझ्यासारखी इतर माणसं बसलेली होती. ती कुणाची हे कुठल्याच खात्यानं ठरवलेलं नव्हतं. तिथे मी भूगोलाचा पुष्कळ विचार केला. पृथ्वीवर सीमा आहेत त्या नदीनं, डोंगरानं आखल्या असं मी मुलांना शिकवतो. पुढच्या वर्षी दुरुस्ती करावी लागेल. बऱ्याचशा सीमा जेवणाच्या सुट्टीत आखल्या जातात.

शेवटी वनखात्यातल्या एका बाईंना माझी दया आली. "हे कुणासाठी चाललंय एवढं?" त्यांनी विचारलं. मी अप्पांच्या डोळ्यांचं सांगितलं. त्या जरा वेळ पेन चावत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "हौशी माणसाला सोडायचा नियम नाही. तक्रारदाराला आहे. तुमची पक्ष्यांविरुद्ध काही तक्रार आहे?"

मला माझा ऑम्लेट-पाव आठवला. "आहे," मी म्हणालो.

अशा रीतीनं मी, अप्पा, बायको, कॅप्टन आणि वहिनी 'समुद्रपक्ष्यांपासून उपद्रव' या विषयाची पाहणी करायला अधिकृतपणे रवाना झालो.

आता भरती-ओहोटीचं. हा धडा मी नोकरीला लागल्यापासून शिकवतोय. चंद्र, सूर्य, ओढ, सगळं फळ्यावर खडूनं काढून. त्यामुळे नाव कधी सुटेल हे, ज्यांची नाव ठरवली होती त्या नाववाल्या बाईंना विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मी स्वतः हिशोब मांडला. कॅप्टननी तो तपासून "पर्फेक्ट" म्हटलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

आम्ही किनाऱ्यावर पोचलो तर नाव चिखलात आडवी पडली होती, दुपारची झोप घेतल्यासारखी. पाणी पार तिकडे लांब चमकत होतं. नाववाल्या बाई दोर उकलत बसल्या होत्या.

"समुद्र बाहेर गेलाय," त्या म्हणाल्या.

"कधी येईल?"

"आज यायचा, पण अंधार पडल्यावर. उद्या सकाळी या. असेल घरी."

मी नाव जवळून बघायला म्हणून चार पावलं पुढे गेलो, आणि चिखलानं माझी डावी चप्पल ठेवून घेतली. ती आजही तिथेच असेल. पुढेमागे कुणी भूगोलवाला उकरून काढील आणि इथे एके काळी शिक्षक राहत असत असा निष्कर्ष मांडील.

रात्र काढायला किनाऱ्यालगतच्या लॉजमध्ये खोल्या मिळाल्या. संध्याकाळी खिडकीशी अप्पा बसले होते. मी त्यांना चहा ओतून दिला. कप त्यांच्या अगदी समोर ठेवला. त्यांचा हात कपाजवळ आला, थबकला, आणि चहा चादरीवर सांडला. मी रुमालानं पुसत राहिलो. चादरीला एक टाचलेली फाट होती. अप्पांचं बोट तिच्यावर फिरत होतं.

"कुणीतरी घाईघाईत केलंय," ते म्हणाले. "रफू करताना भोकाकडे बघायचं नसतं, जावईबापू. बघत बसलं की ते मोठं होत जातं. कडेचे धागे बघायचे. भोक आपसूक मिटत येतं."

हे त्यांनी कपाटाकडे बघून सांगितलं. जुनी माणसं असं काहीबाही बोलतात असं समजून मी मान डोलावली. मग थोड्या वेळानं त्यांनी कपाटालाच विचारलं, "उद्या दिसतील ना हो?" त्या आवाजात इतकं लहान काहीतरी होतं, की मला माझा जावईपणा कुठे ठेवावा कळेना.

"दिसतील, अप्पा," मी म्हणालो. "मी आहे ना बरोबर!"

सकाळी समुद्र घरी होता. नाव डुलत होती, ऊन लख्ख होतं. कॅप्टननी नावेच्या पुढच्या टोकाला, बरोबर मधोमध, एक प्लॅस्टिकची खुर्ची दोरीनं बांधली. "मानाची जागा अप्पांची!" वहिनींनी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, तोंडात आल्याचा तुकडा दिला. बायकोनं गळ्यात दुर्बीण अडकवली. सजवलेल्या वरासारखे अप्पा निघाले. कॅप्टन मात्र नाव हलताच वल्ह्याला मिठी मारून बसले आणि तिथून पुढे त्यांनी फक्त "आहे ना, आहे ना," एवढंच म्हटलं. काय आहे ते सांगितलं नाही.

खडक दिसायच्या आधी आवाज आला. शाळा सुटल्यावर येतो तसा, पण शाळेतल्या आवाजाला कुठेतरी भिंत असते, याला नव्हती. मग खडक आला. नाववाल्या बाईंनी इंजिन बंद केलं.

"अप्पा, समोर!" वहिनी ओरडल्या.

"बाबा, अगदी समोर बघा! केवढे आहेत!"

मीही ओरडलो. आम्ही सगळे एकाच दिशेला बोटं करून एकच शब्द ओरडत होतो. अप्पांनी दुर्बीण लावली. खाली घेतली. पुन्हा लावली. बराच वेळ त्यांचं तोंड समोर होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "धुकं आहे का?"

"धुकं कुठलं, लख्ख ऊन..." वहिनी म्हणाल्या, आणि मधेच थांबल्या.

बायकोचा हात अप्पांच्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. पक्षी ओरडत होते. एवढ्या कचेऱ्या, एवढा चिखल, आणि माणूस येऊन पोचला तो बंद दारापाशी.

अप्पांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, बारीक सुईत धागा ओवताना मिटत असत तसे. मग म्हणाले, "जावईबापू, इकडे या. माझ्यासमोर बसा. असे नव्हे. माझ्याकडे तोंड करून."

"अहो अप्पा, मी तर आडवा येईन."

"याच आडवे. मला आडवं येणारंच कुणीतरी हवंय."

मी त्यांच्यासमोर बादली पालथी घालून बसलो. खडकाकडे पाठ, सासऱ्यांकडे तोंड. अप्पांनी मान सरळ केली आणि कितीतरी महिन्यांनी थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. मला कसंसंच झालं. एवढ्या सरळ नजरेची सवय राहिली नव्हती.

"आता हलू नका," ते म्हणाले.

आणि त्यांचा चेहरा उघडला. खिडकी उघडते तसा, आधी थोडा, मग सगळा.

"आले," ते म्हणाले. "तुमच्या दोन्ही कानांमागून येताहेत."

"अप्पा, मी दिसतोय का तुम्हाला?"

"छे! तुमच्या जागी राखी गोळा आहे. पण गोळ्याच्या कडेनं सगळे आहेत. घरी तुमच्याशी बोलताना खिडकीकडे बघायचो ना, तेव्हा तुम्ही दिसायचात. आज तुमच्याकडे बघतोय, तर पक्षी दिसताहेत."

म्हणजे सगळे महिने हा माणूस माझ्याकडेच बघत होता. चहा देताना, मी मुलांच्या वह्या तपासताना, मी खट्टू होऊन बसलो असताना. कॅलेंडरच्या, कपाटाच्या आडून, माझ्याचकडे.

"बाबा, मग आधी नाही का सांगायचं?" बायकोचा आवाज ओला झाला होता. "आम्ही आपलं सगळं तुमच्यासमोर मांडत होतो."

"काय सांगणार? ताट समोर, टीव्ही समोर, खुर्ची मधोमध. तुम्ही एवढ्या मानानं देता, त्या मानाला बाजूला सरक कसं म्हणू?"

वहिनींनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि नाकाकडे नेऊन उन्हाला बोल लावला.

मग अप्पा सांगू लागले. रफूवाल्याची नजर ती. धागा सोडत नव्हती. "एक जण पंख न हलवता उभा आहे. वाऱ्यावर कोपर टेकल्यासारखा. तो वळला. वळताना एकच पंख खाली घातला, दुसरा वर, जशी कापड उलटायची रीत. दोघं चोच चोचीवर घासताहेत. एक पाण्यात पडला... नाही, पडला नाही, शिरला. सुई शिरते तसा. भोक दिसलंच नाही. आला वर! तोंडात काहीतरी चमकतंय!" ते हसत होते. आल्याचा तुकडा गालात तसाच होता. "जावईबापू, यांना कुणी टाचलेलं नाही हो. एवढे आहेत, पण एक दुसऱ्याला अडत नाही."

तेवढ्यात माझ्या टकलावर ऊबदार काहीतरी पडलं. मग खांद्यावर. मग उजव्या कानावर. उपद्रवाची तक्रार आता पुराव्यासकट सिद्ध होत होती. नाववाल्या बाई तोंडावर हात धरून हसत होत्या. कॅप्टन "आहे ना" म्हणाले. माझा हात आपोआप वर निघाला.

"हलू नका!" अप्पा म्हणाले. "पिल्लाला भरवतेय."

मी हात खाली घेतला. कानावरून ओघळ मानेत उतरला, मानेतून सदऱ्यात. मी हललो नाही. कुठल्याही जावयाचा इतका मान कुणी ठेवला नसेल आणि इतका कुणी उतरवलाही नसेल. पण तो उतरला तेव्हा फार हलकं वाटलं, एवढं मात्र खरं.

ऊन चढलं. नाववाल्या बाई म्हणाल्या, "पाणी वळायला लागलं. निघायला हवं."

अप्पांनी एक लांब श्वास घेतला. मग एकदम दचकून म्हणाले, "अरे! तुम्ही तर काहीच बघितलं नाही. सगळा वेळ पाठ तिकडे. बाई, जरा थांबा हो. जावईबापू, या माझ्या जागी. मी बसतो बादलीवर."

"राहू द्या, अप्पा."

"राहू द्या काय! एवढ्या लांब येऊन..."

आम्ही नावेत एकमेकांना धरत, डगमगत जागा बदलल्या. मी मानाच्या खुर्चीत बसलो. अप्पा समोर बादलीवर, माझ्याकडे तोंड करून, खडकाकडे पाठ, अगदी हलायचं नाही म्हणून ताठ. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती, मला आडवी येऊ नये म्हणून. त्यांच्या मागे आभाळभर पांढरं काहीतरी उठलं, वळलं, पसरलं असावं. नक्की सांगता येत नाही. माझं मधलं शाबूत आहे, आणि मधे अप्पा होते. पिकल्या केसांतून ऊन जात होतं. कपाळावर इतकी वर्षं वाकून पडलेल्या आठ्या होत्या. आणि तोंड आता जराही फिरवलेलं नव्हतं.

"दिसतंय का नीट?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," मी म्हणालो.